कुमरेबाईंची हजेरी

कार्यक्रमाला माणसं यायच्या आधी खुर्च्या मांडाव्या लागतात, हे कुणीही सांगेल. कुमरेबाई मात्र जी माणसं येणार नव्हती त्यांच्या खुर्च्या आधी मांडायच्या. पुढच्या ओळीत, पडद्याच्या डाव्या अंगाला, मोजून सात. उरलेल्यांचं मग तुमचं तुम्ही बघा.

मी वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाचा चिटणीस. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींशी माझं उभं वाकडं. निवृत्तीनंतर घरी बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून महिन्यातून एका रविवारी दुपारी माहितीपट दाखवायचा आणि त्यावर परिसंवाद ठेवायचा, ही कल्पना मीच काढली. सभागृह म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबोडकी खोली. खिडक्यांवर काळं कापड ठोकलं की भर दुपारी आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. एक जुना कूलर आहे, तो हवा कमी आणि आवाज जास्त देतो.

रेवती नावाच्या नागपूरच्या एका मुलीनं बोथखेड्यावर माहितीपट केला होता. बोथखेडा हे हिंगणीच्या वरच्या अंगाला, जंगलात वसलेलं गोंडांचं गाव होतं. 'होतं' म्हणायचं कारण, जंगल राखायचं म्हणून ते गाव उठवलं आणि माणसं खाली, रस्त्याच्या कडेला, ओळीनं बांधलेल्या घरांत आणून बसवली. गावाची संमती आहे असं कागद सांगत होता. रेवतीनं माहितीच्या अधिकारात त्या संमतीच्या बैठकीची हजेरी मिळवली. त्यात सात जण असे निघाले की बैठकीच्या तारखेच्या कितीतरी आधीच मेले होते. नावापुढे 'हजर', आणि शेवटच्या रकान्यात अंगठा.

सातव्या नावाच्या मुलीला, म्हणजे कुमरेबाईंना, घेऊन रेवती पहिल्यांदा वाचनालयात आली. साठीच्या पलीकडच्या बाई. अंगणवाडीत सगळी नोकरी गेलेली. ठेंगण्या, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आणि सुती लुगडं इतकं कडक नेसलेलं की मला माझ्या शर्टाच्या चुण्यांची लाज वाटली. मी म्हटलं, बसा. त्या बसल्या नाहीत. आधी सगळ्या खुर्च्या पाहिल्या. मग सात वेगळ्या काढल्या, फडक्यानं पुसल्या, मांडल्या आणि म्हणाल्या, यांच्यावर कोणी बसायचं नाही.

मला हसू आलं. मी विचारलं, का हो, पाहुण्यांसाठी राखीव का?

"पाहुने नाई, सर," त्या म्हणाल्या. "थे तर कवाचे येऊन बसले हायेत."

त्यांचं म्हणणं मला पुढे हळूहळू कळत गेलं. बोथखेड्यात बैठक बसली की गावचा पटेल एकेकाचं नाव घ्यायचा, माणूस 'हाव', म्हणजे हो, म्हणायचा, आणि एकदा 'हाव' म्हटलं की पटेल 'बैठक उठली' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. म्हातारी असो की ओली बाळंतीण, सगळ्यांना तोच नेम. मधूनच उठून गेलेल्याचा शब्द मागे बसून राहतो, असं ते मानायचे. आता कचेरीच्या कागदावर सात मेलेल्यांची नावं लागली. सरकारनंच त्यांना हजर म्हटलं. तेव्हापासून ते बसून आहेत.

यावर मी मास्तरकीनं उपाय सुचवला. म्हटलं, बाई, मग तुम्हीच म्हणा ना बैठक उठली, सुटका करा त्यांची. त्यांनी माझ्याकडे ढ पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"जे बैठक भरलीच नाई, थे उठन कशी? अन् ज्यानं बसवलं, त्यानंच उठवा लागते."

एवढंच. वाद घालायची त्यांना सवय नव्हती. आपलं म्हणणं सांगून झालं की त्या पिशवीतून चिंचेचा गोळा काढायच्या, चिमूटभर तोंडात टाकायच्या आणि समोरच्याला किती वेळ बोलायचं ते बोलू द्यायच्या.

रेवतीचा माहितीपट आम्ही पुढे बरेच महिने दाखवत राहिलो, आणि दर वेळी कार्यक्रम सुरू होण्याआधी बाई कूलर बंद करायला लावायच्या. दार लोटलं जायचं. मग काळोखात, एका छोट्या दिव्याच्या उजेडात, त्या बैठकीच्या कागदावरची नावं वाचायच्या. हिंगणीकडून टेम्पोनं आलेली गावची माणसं आपापल्या नावाला 'हाव' म्हणायची. मेलेल्याचं नाव आलं की बाई थांबायच्या. म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात ठेवून उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढं थांबायच्या. टिनाचं छप्पर उन्हानं कडकड करायचं. कूलरमधलं राहिलेलं पाणी ठिपकायचं. सात नावांना सात वेळा. मी प्रोजेक्टरपाशी उभा असायचो आणि प्रत्येक वेळी स्वतःला बजावायचो, गावंडे, तू विज्ञानाचा मास्तर आहेस. तरी सातव्या नावाला माझी मान आपोआप डावीकडे वळायची. सातवं नाव सोमीबाई मडावी. कुमरेबाईंची आई.

सोमीबाईंची गोष्ट माहितीपटात होती. गाव उठवायची बोलणी सुरू झाली तेव्हा म्हातारी अंथरुणाला खिळली होती. तिनं दोन्ही अंगठे मुठीत दाबून ठेवले होते. कुणी पाणी पाजायला आलं तरी मूठ उघडायची नाही. मुलीला म्हणाली, मी मेल्यावरही माझा अंगठा कुणाला देऊ नकोस. मेली तेव्हा मुठी तशाच होत्या, तशाच मातीत गेल्या. दोन वर्षांनी कागदावर तिचा अंगठा निघाला. बाई हे कॅमेऱ्यासमोर सांगतात तेव्हा रडत नाहीत, आवाजही चढवत नाहीत. फक्त स्वतःचे अंगठे मुठीत घेतात.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. गाव परत मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्यानं आईला त्या बैठकीत बसवलं त्याच्या तोंडून 'ती नव्हती' हे त्यांना ऐकायचं होतं, आणि तेही स्वतः मरायच्या आत. छातीचं दुखणं होतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. हे त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं आणि वर म्हणाल्या, तुमच्या सभागृहाला जिना नाही, बरं आहे.

कार्यक्रम संपला की आम्ही सगळ्या खुर्च्या घडी घालून भिंतीशी लावायचो. त्या सात मात्र उघड्याच राहायच्या, पुढच्या महिन्यापर्यंत. मी कुरकुर केली. बाई म्हणाल्या, बसलेल्या माणसाखालची खुर्ची काढता का तुम्ही? रोज तिथं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पोरंपोरी येतात. जागा नसली की चक्क जमिनीवर बसायची, पण त्या सातांवर नाही. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. मी एका मुलीला विचारलं, अगं, तिकडे रिकाम्या आहेत की. ती म्हणाली, असू द्या सर, आणि पुस्तकात डोकं घातलं.

एकदा परिसंवादाला वर्ध्याचे एक वकीलसाहेब आले. भारी माणूस, अंगानंही आणि बोलण्यानंही. उशिरा आले, अंधारात चाचपडत पुढे गेले आणि नेमके सोमीबाईंच्या खुर्चीत बसले. मी पुढे व्हायला लागलो तर बाईंनी माझा हात धरला. पडद्यावर गाव उठत होतं, घरांवरचे कवेलू, कौलं उतरवत होते. पाच-सात मिनिटांत वकीलसाहेब उठले आणि उरलेला माहितीपट त्यांनी भिंतीला पाठ लावून उभ्यानं पाहिला. नंतर चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, गावंडे, हसू नका, पण मला सारखं वाटत होतं की मी कुणाच्या तरी मांडीवर बसलोय. मी हसलो. मग रिकाम्या सभागृहात एकटा प्रोजेक्टर आवरायला गेलो तेव्हा हसलो नाही.

त्याच वकीलसाहेबांचं भाषण त्या दिवशी फार चांगलं झालं. कलमं, दाखले, न्याय, अन्याय, सगळं होतं. बोलताना ते मागे बसलेल्या शिकल्यासवरल्यांकडे पाहत होते. बाईंनी मधेच हात वर केला. म्हणाल्या, साहेब, चांगलं बोलून राह्यले तुमी, पन ज्याइच्यावर बोलता थे अथी बसले हायेत, त्याइच्याकडं पाहून बोला. आणि डावीकडे बोट केलं. वकीलसाहेबांनी सात खुर्च्यांकडे पाहिलं आणि पुढचं भाषण दोन वाक्यांत आटोपलं. आमच्याकडच्या कुठल्याही अध्यक्षाला हे कधी जमलेलं नाही.

मी एकदा त्यांची परीक्षा पाहिली, हे सांगायला मला आजही लाज वाटते. त्या यायच्या आधी सोमीबाईंची खुर्ची उचलून मागच्या कोपऱ्यात नेली आणि तशीच दुसरी तिथं ठेवली. आमच्या खुर्च्या सगळ्या लोखंडी, एका रंगाच्या, एका दुकानातल्या. बाई आल्या. चप्पल काढली, इकडेतिकडे न पाहता सरळ मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि ती खुर्ची दोन्ही हातांनी सावकाश उचलून पुढे आणली. मी न राहवून विचारलं, कसं ओळखलं. म्हणाल्या, हे भारी लागते. त्या गेल्यावर मी दोन्ही खुर्च्या उचलून पाहिल्या. माझा उजवा खांदा तेव्हा दुखत होता, एवढं मी इथं नमूद करतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्यावरच शेकली. आमच्या कार्यक्रमांची हजेरीवही मी लिहायचो. सभागृहात सुरुवातीला खुर्च्या आणि तारा यांतच जीव जातो, म्हणून नेहमीच्या माणसांची नावं मी आदल्या दिवशी घरीच लिहून ठेवायचो, पुढे 'हजर' असं लिहून. पहिलं नाव कुमरेबाईंचं. एकदा त्यांनी वही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सर, मानूस आल्यावर लिवत जा," म्हणाल्या.

मला राग आला. तीस वर्षं मुलांची हजेरी घेतलेल्या माणसाला हे शिकवणार? मी म्हटलं, बाई, तुम्ही कधी चुकता का? त्या म्हणाल्या, आजपर्यंत नाही. आणि चिंचेचा गोळा काढला.

त्या बैठकीचा कागद लिहिणारा माणूस त्यांनी स्वतःच शोधून काढला. सहारेबाबू. कचेरीतून निवृत्त होऊन वर्ध्यातच राहत होते, गुडघ्यांनी घरात बसवलेलं. बाई त्यांच्याकडे तीनदा गेल्या. रेवतीला कॅमेरा न्यायचा होता, तर तिला घरी बसवलं. पहिल्या खेपेला बाबूंनी दार उघडलं नाही, बाई ओट्यावर बसून आल्या. दुसऱ्या खेपेला बाबूंच्या बायकोनं चहा दिला आणि दोघी गुडघ्यांच्या तेलावर बोलत बसल्या. तिसऱ्या खेपेला बाबूंनीच विचारलं, बाई, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे? बाईंनी तक्रारीचं नाव काढलं नाही. दर कार्यक्रमाला तीच नावं वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या हातचं अक्षर हाये, आमाले लागत नाई, येऊन वाचून द्या.

आणि ते आले. का आले, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून, पांढरा स्वच्छ सदरा घालून आले. सभागृह गच्च भरलेलं होतं, तरी सात खुर्च्यांच्या भोवती हातभर जागा मोकळी होती. माहितीपट झाला. एरवी हजेरी आधी व्हायची, त्या दिवशी बाईंनी ती नंतर ठेवली. कूलर बंद केला. तो छोटा दिवा बाबूंच्या हातातल्या कागदांवर धरला आणि त्यांना वाचायला सांगितलं.

बाबू वाचू लागले. जिवंत माणसं 'हाव' म्हणत होती. मेलेल्यांच्या नावाला बाबू थांबत नव्हते, घाईनं पुढच्या नावावर जायचे. सहा नावं तशीच गेली. मग त्यांनी वाचलं, सोमीबाई मडावी. शेवटचंच नाव होतं ते, पुढे घाई करायला काही उरलं नव्हतं. बाबू थांबले. छप्पर कडकडलं. पाणी ठिपकलं.

आणि कुणीतरी म्हणालं, "हाव."

मोठ्यानं नाही. झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्या बाईनं म्हणावं तसं, घोगरं. मी ऐकलं. वकीलसाहेबांनी ऐकलं, त्यांचा चेहरा मी पाहिला. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. एकट्या कुमरेबाईंनी मान वळवली नाही. त्या बाबूंकडे पाहत होत्या.

बाबूंच्या हातातले कागद खाली आले. त्यांनी आपला डावा अंगठा दिव्यासमोर धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "त्या नव्हत्या. बैठकच नव्हती झाली. सातही अंगठे माझेच आहेत."

त्यांची बायको मागे तोंडाला पदर लावून बसली होती. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, कुणीतरी अंगावर जाईल. काही झालं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग तसं म्हना, बाबू. एकेकाचं नाव घेऊन म्हना."

बाबूंनी एकेक नाव घेतलं आणि प्रत्येकापुढे 'गैरहजर' म्हटलं. प्रत्येक नावाला बाई एक खुर्ची घडी करायच्या आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायच्या. मला गोंडी येत नाही, पण निरोप देणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. आईच्या खुर्चीपाशी त्या जरा जास्त थांबल्या. मग बाबू म्हणाले, बैठक उठली. मी दार उघडलं आणि दुपारचं ऊन एकदम आत आलं.

रेवतीनं सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं. आम्ही दोघांनी ते नंतर अनेकदा ऐकलं. बाबूंचं 'सोमीबाई मडावी' आहे. पाण्याचे तीन थेंब आहेत. मग बाबूंचं 'मी लिहिलं' आहे. मधे काहीच नाही. मी रेवतीला सांगितलं, मागे बसलेल्या एखाद्या म्हातारीनं म्हटलं असेल आणि माइकचं तोंड तिकडे नसेल. तिनं मान डोलावली. मीही स्वतःला तेच सांगतो.

बाबूंनी पुढे हे सगळं सहीनिशी लिहून दिलं. तक्रारीचा कागद आपल्या गतीनं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालला आहे. बोथखेडा काही परत मिळालेलं नाही.

त्या दिवशी बाई निघाल्या तेव्हा मी दारात उभा होतो. गावची माणसं टेम्पोनं पुढे गेली होती, त्या मात्र मी बस धरते म्हणून मागे राहिल्या. रस्त्यानं चालताना त्या आपल्या नेहमीच्या झपाट्यानं चालत नव्हत्या. अगदी हळू, डाव्या अंगाला माणूसभर जागा सोडून चालल्या होत्या. मोठा रस्ता ओलांडताना त्यांनी डावा हात जरासा पुढे केला. बस आली. दारापाशी त्या बाजूला सरकल्या, कुणाला तरी आधी चढू द्यावं तशा थांबल्या, आणि मग स्वतः चढल्या. कंडक्टरनं घंटी मारली. माझ्यासाठी कुमरेबाई तिथंच संपल्या, कारण त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

पुढच्या महिन्यातला रविवार उजाडला. दुसरा माहितीपट, दुसरं गाव. मी वही आदल्या दिवशी लिहून ठेवली होती. लोक जमले, दार लोटलं, बाईंची वाट पाहत आम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबलो. मग रेवतीचा फोन वाजला. हिंगणीहून होता. बाई सकाळी, चूल पेटवता पेटवता गेल्या होत्या. अंगणातच. फार त्रास झाला नाही म्हणे.

मी वहीच्या टेबलापाशी बसलो. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांना कधी नीट काही म्हटलं नाही याचं आणखी वाईट वाटलं. सवयीनं हात वहीकडे गेला. पहिल्याच ओळीत, माझ्या वळणदार मास्तरी अक्षरात, कुमरेबाईंचं नाव होतं. पुढे 'हजर'.

पुढच्या ओळीत डावीकडे एक खुर्ची उघडी होती. ती कुणी मांडली ते मी विचारलं नाही. मी स्वतःला सांगितलं, हा शाईचा एक शब्द आहे, खोडून टाक, कुणाला कळणार आहे? पेन उघडलं. आणि नुसतं खोडता येईना. ज्यानं बसवलं, त्यानंच उठवा लागते.

मी उठलो. कूलर बंद केला. लोकांना वाटलं, शोकप्रस्ताव मांडतोय, म्हणून तेही उभे राहिले. मी डावीकडे तोंड केलं.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "त्या नव्हत्या. कुमरेबाई गैरहजर."

खुर्ची घडी केली. मग दारापाशी गेलो, दार पूर्ण उघडलं आणि दोन बायकांना सावकाश बाहेर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ धरून ठेवलं.